५६ अंश खोटे होते, मग त्या जागी काय लिहायचं?

यंत्र बिघडतं, नोंद गहाळ होते आणि मग कुणीतरी ती जागा अंदाजाने भरतं. तो अंदाज खरंच चांगला आहे, की नुसता दिसायला चांगला आहे? हे कसं ओळखायचं?

३० मे २०२४. नवतपा सुरू होता. नागपूरकर दुपट्टा बांधून, पन्हं पिऊन कसेबसे दिवस काढत होते. तेवढ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एक आकडा फिरायला लागला: ५६ अंश सेल्सिअस! रामदासपेठेत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीवर असलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने तो नोंदवला होता. सोनेगावच्या स्वयंचलित केंद्रानेही ५४ दाखवले. गंमत म्हणजे त्याच दिवशी आणखी दोन केंद्रं ४४ च्या आसपासच होती.

जरा ताळा करून बघा. नागपूरचा आजवरचा अधिकृत उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. देशाचा उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा, ५१ अंश. म्हणजे रामदासपेठेने एका दुपारी देशाचा विक्रम तब्बल पाच अंशांनी मोडला म्हणायचं? हवामान विभागाने लगेच खुलासा केला की सेन्सर बिघडला होता, आकडा चुकीचा आहे. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवून अशीच खळबळ उडवली होती.

बातमी तिथे संपली. पण त्या तक्त्यात ३० मेच्या रकान्यात आता काय लिहायचं? ५६ तर खोडले. मग तिथे काय उरलं? एक रिकामी जागा.

रिकामी जागा कुणालाच नको असते

तुम्ही कधी एक्सेलमध्ये प्रोजेक्टचा डेटा भरला असेल तर तुम्हाला माहीत आहे, रिकामा रकाना डोळ्यांत खुपतो. गाइड विचारतात, आलेख तुटतो, सॉफ्टवेअर कधी ती अख्खी ओळच वगळून टाकतं. मग आपण काहीतरी भरतो. आधीच्या दिवसाचा आकडा, नाहीतर सरासरी, नाहीतर एखाद्या मॉडेलने दिलेला अंदाज. संख्याशास्त्रात याला ‘इम्प्युटेशन’ म्हणतात. गहाळ नोंदीच्या जागी, उरलेल्या माहितीच्या आधारावर आकडा बसवणं.

यात लबाडी काही नाही. जगभरचे हवामान विभाग, आरोग्य सर्व्हे, जनगणना, सगळे हे करतात. अडचण वेगळीच आहे. एकदा भरला की तो आकडा मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत जाऊन बसतो. त्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. दोन वर्षांनी तो तक्ता उघडणाऱ्याला कोणता आकडा थर्मामीटरने दिला आणि कोणता कॉम्प्युटरने, हे कळायला मार्ग नसतो.

आणि हे फक्त परीक्षेपुरतं नाही. मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर गेलं की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो, ४७ वर गेलं की तीव्र लाट. सरासरीपेक्षा किती जास्त आणि किती केंद्रांवर, हे निकषही असतात. या दिवसांच्या मोजणीवर पुढचं बरंच काही ठरतं. महापालिकेचा उष्माघात कृती आराखडा, दवाखान्यांतल्या खाटा, दुपारी सिग्नल बंद ठेवायचे की नाही, मजुरांच्या कामाच्या वेळा. डिलिव्हरी करणारा तुमचा मित्र त्या उन्हात किती दिवस होता, हे कागदावर त्या रकान्यांवरूनच कळणार.

एक जागा, दोन उत्तरं

एक छोटं उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत. समजा मे महिन्यातल्या एका आठवड्याचं कमाल तापमान असं आहे: ४३, ४४, ४५.५, (नोंद नाही), ४६, ४४.५, ४३. चौथ्या दिवशी यंत्र बंद होतं.

पहिला मार्ग: उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा आणि भरा. उत्तर येतं ४४.३. म्हणजे आठवड्यात ४५ च्या वरचे दिवस दोन.

दुसरा मार्ग: आदल्या आणि नंतरच्या दिवसाच्या मधोमध आकडा घ्या. उत्तर ४५.७५. आता ४५ च्या वरचे दिवस तीन.

जागा एक, डेटा तोच, पण उष्णतेच्या लाटेचा एक दिवस कुठून तरी आला किंवा कुठे तरी गेला. दोन्हींपैकी बरोबर कोण? तुम्ही म्हणाल, दुसरा, कारण चढत्या उन्हात तो आकडा शोभून दिसतो. पण त्या दिवशी दुपारी वादळ येऊन वीज गेली असेल, म्हणूनच यंत्र बंद पडलं असेल आणि पारा ४० वर उतरला असेल, तर? तर दोन्ही चूक.

म्हणून पहिला धडा हा की आकडा शोभून दिसतो, हा पुरावा नाही. मॉडेल तपासावं लागतं.

झाकून बघा

तपासायचा सगळ्यात सोपा उपाय शाळेतल्या पाठांतरासारखाच आहे. उत्तर झाकायचं आणि बघायचं, येतं का. ज्या दिवसांची खरी नोंद तुमच्याकडे आहे, त्यातले काही दिवस मुद्दाम लपवा. मॉडेलला ते भरायला सांगा. मग झाकण काढा आणि खऱ्या आकड्याशी ताडून बघा.

पण इथेच बहुतेक जण घसरतात. सॉफ्टवेअरला सांगितलं की ते इकडून एक, तिकडून एक असे सुटे सुटे दिवस लपवतं. सुटा दिवस भरणं कुठल्याही मॉडेलला सोपं असतं, दोन्ही बाजूंना खरे आकडे हात धरायला असतात. प्रत्यक्षात यंत्र असं सभ्यपणे बिघडत नाही. बॅटरी उतरली की दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत चार-पाच दिवस सलग जातात. तेव्हा लपवायचं असेल तर ते सलग लपवा. खरी गळती जशी होते, तशीच परीक्षेतली गळती असली पाहिजे. नाहीतर तुम्ही मॉडेलला पेपर फोडून परीक्षेला बसवलं म्हणायचं.

दुसरी गोष्ट, निकाल वाचताना फक्त सरासरी चूक बघू नका. समजा मॉडेलची सरासरी चूक अर्धा अंश आली. वा! पण नीट बघितलं तर साध्या दिवसांना ते जवळजवळ बरोबर आहे आणि ४५ च्या वरच्या दिवसांना दोन-दोन अंश कमी सांगतंय. अशी मॉडेलं दुर्मीळ नाहीत. बहुतेक मॉडेलं मधल्याकडे झुकतात, टोकाच्या दिवसांना त्यांची जीभ अडखळते. पण आपल्याला भीती टोकाच्याच दिवसांची आहे! म्हणून तापलेल्या दिवसांचा निकाल वेगळा काढा. शंभरातले नव्वद दिवस बरोबर आले आणि हुकलेले दहा नेमके लाटेचे असले, तर ते मॉडेल आपल्या कामासाठी नापास.

सारखं दिसलं म्हणजे बरोबर नाही

आणखी एक पद्धत खूप वापरली जाते. मोजलेल्या आकड्यांचा एक आलेख काढायचा, भरलेल्या आकड्यांचा दुसरा काढायचा आणि एकावर एक ठेवून बघायचे. दोन्ही सारखे दिसले की मॉडेल छान, वेगळे दिसले की मॉडेल वाईट. ऐकायला पटतं, पण हे अर्धंच खरं आहे.

विचार करा. एखादं यंत्र कडक उन्हातच बंद पडतं. मग गहाळ झालेले दिवस हे इतर दिवसांपेक्षा गरमच असणार. अशा वेळी भरलेले आकडे वरच्या बाजूला सरकलेले दिसले तर ती चूक नाही, उलट मॉडेलला परिस्थिती कळली आहे. आणि ते हुबेहूब बाकीच्या दिवसांसारखे आले, तर शंका घ्यायला हवी.

मग तुलना करायची कशी? सारख्याची सारख्याशी. समजा सोनेगावच्या वेधशाळेत ४४ ते ४५ होते, असे सगळे दिवस बाजूला काढा. त्या दिवशी रामदासपेठेत मोजलेले आकडे काय होते आणि मॉडेलने भरलेले काय होते? इथे जर मोठी तफावत दिसली तर मात्र मॉडेलला जाब विचारायचा.

एक बारीक गोष्ट इथेच दिसते. मॉडेलने भरलेले आकडे आलेखावर एका रेषेत शिस्तीत उभे असतात, तर खरे आकडे त्या रेषेच्या वरखाली विखुरलेले असतात. हवा अशी कवायत करत नाही. सगळे अंदाज रेषेवर बसवले की डेटा आहे त्यापेक्षा नेमका वाटतो आणि आपल्याला उगाच खात्री वाटायला लागते. यावर उपाय सुचवला अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी, १९७० च्या दशकात: एकदाच भरू नका, अनेकदा भरा, प्रत्येक वेळी थोडा विखुरलेपणा ठेवून. याला ‘मल्टिपल इम्प्युटेशन’ म्हणतात. पाच वेळा भरून लाटेचे दिवस कधी १२, कधी १५, कधी १३ आले तर प्रामाणिक उत्तर ‘१३’ नसून ‘१२ ते १५ च्या दरम्यान’ असं असतं. मॉडेलची अनिश्चितता लपवायची नाही, दाखवायची.

गैरहजर कोण आहे?

आता खरा अवघड प्रश्न. नोंद गहाळ का झाली?

रुबिन यांनी १९७६ मध्ये याचे प्रकार मांडले. ते कॉलेजच्या भाषेत सांगायचे तर असे. कॉलेजने पास झालेल्या मुलांना फॉर्म पाठवला, ‘पगार किती?’ काही फॉर्म ईमेलच्या गोंधळात हरवले. हा निव्वळ योगायोग. यात धोका कमी. काही शाखांची मुलं फॉर्म कमी भरतात, पण शाखा आपल्याला माहीत आहे. मग शाखेनुसार अंदाज बांधता येतो. तिसरा प्रकार म्हणजे ज्यांना नोकरीच नाही किंवा पगार सांगायला लाज वाटावी इतका आहे, त्यांनी फॉर्म भरलाच नाही. आता भरलेल्या फॉर्मची सरासरी काढून उरलेल्यांच्या नावापुढे टाकली, तर ‘सरासरी पॅकेज’ मस्त दिसेल. माहितीपत्रकावर छापायलाही छान. पण ते खोटं असेल, आणि ते बघून प्रवेश घेणाऱ्याची फी खरी असेल.

या तिसऱ्या प्रकारात आकडा जाण्याचं कारण त्या आकड्यातच दडलेलं असतं. उन्हाने बंद पडणारा सेन्सर हा त्याचाच भाऊ. आणि इथे झाकून बघायची परीक्षाही अपुरी पडते. कारण आपण झाकतो ते आपल्याला माहीत असलेले दिवस. जे कधीच नोंदले गेले नाहीत, ते वेगळ्याच जातीचे असतील तर मॉडेल झाकलेल्या दिवसांवर शंभरपैकी शंभर मिळवूनही खऱ्या रिकाम्या जागेत चुकू शकतं. फक्त डेटाकडे टक लावून हे कळत नाही. मॉडेल कितीही भारी असो, ‘एआय’ असो नाहीतर आणखी काही.

हवेच्या बाबतीतही हाच पेच आहे. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये जीपीओसमोर, महाल, अंबाझरी आणि रामनगर इथे हवेची गुणवत्ता सतत मोजणारी केंद्रं आहेत. एक्यूआय काढायचा तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नियम आहे की दिवसातल्या २४ पैकी किमान १६ तासांची नोंद हवी आणि किमान तीन प्रदूषकांची हवी, त्यात पीएम २.५ किंवा पीएम १० असलंच पाहिजे. नियम चांगलाच आहे, निदान दोन-चार तासांवर दिवसाचा निकाल लागत नाही. पण गहाळ झालेले आठ तास कोणते, हे नियम विचारत नाही. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे धूळ-धूर जमिनीलगत साचतो. तेच तास गेले तर उरलेल्या सोळा तासांची सरासरी हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ दाखवेल.

बंद सलूनमधल्या कटिंगचा भाव

हा प्रश्न अख्ख्या देशाला एकदा पडला होता. २०२० चं लॉकडाऊन. किरकोळ महागाईचा निर्देशांक काढायला सरकारचे लोक दर महिन्याला दुकानांत, बाजारांत जाऊन भाव टिपतात. ते जाणं बंद झालं. दुकानंच बंद. मग एप्रिलमध्ये सलूनमधल्या कटिंगचा भाव काय लिहायचा?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने एप्रिल आणि मेमध्ये महागाईचा एकूण आकडा दिलाच नाही, ज्या गटांचे भाव मिळाले तेवढेच सांगितले. नंतर जुलैमध्ये त्या दोन महिन्यांचे निर्देशांक अंदाजाने भरून जाहीर केले आणि ते ‘इम्प्युटेड’ आहेत असं स्पष्ट लिहिलं. पुढची गोष्ट आणखी शिकण्यासारखी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने सांगितलं की धोरण ठरवताना हे दोन भरलेले आकडे मालिकेतला खंड मानता येतील. म्हणजे आकडे भरले गेले, पण व्याजदर ठरवणाऱ्यांनी त्यांना मोजलेल्या आकड्यांच्या बरोबरीला बसवलं नाही. हे शक्य झालं ते कशामुळे? त्यांच्यावर शिक्का होता म्हणून. तोच शिक्का नसता तर दोन वर्षांनी कुणाला आठवलं असतं?

विचित्र म्हणून खोडू नका

५६ खोडणं योग्यच होतं. पण विचित्र दिसणारा प्रत्येक आकडा चूक नसतो. अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर विरळ झाल्याचं १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या उपकरणाच्या नोंदींवरून जाहीर केलं. नासाच्या उपग्रहालाही ते अतिकमी आकडे दिसले होते, पण सॉफ्टवेअरने त्यांच्यावर ‘संशयास्पद’ अशी खूण केली होती. ते पुसले नव्हते, म्हणून मागे जाऊन तपासता आले आणि ते खरे निघाले.

फरक कशाने कळतो? शेजाऱ्यांना विचारून आणि जागेवर जाऊन. अंटार्क्टिकावर दोन वेगळी उपकरणं एकच सांगत होती. नागपुरात दोन केंद्रं ५० च्या वर गेली तरी बाकीची दोन ४४ वर ठाम होती. मुंगेशपूरला हवामान विभागाने केंद्राशेजारी प्रमाणित उपकरण नेऊन तुलना केली आणि ते केंद्र सुमारे तीन अंश जास्त दाखवतंय हे निघालं. एवढ्या मॉडेलांच्या जमान्यात शेवटचा निकाल दिला तो नीट जुळवलेल्या थर्मामीटरने.

तुमच्या प्रोजेक्टला बसण्याआधी

तुमच्यापैकी कुणी संख्याशास्त्राला असेल, कुणी भूगोलाला, कुणी इंजिनीअरिंगला, कुणी समाजकार्याला. सर्व्हे सगळ्यांनाच करावा लागतो आणि रिकाम्या जागा सगळ्यांच्याच तक्त्यात असतात. तेव्हा एवढं करा:

– भरायच्या आधी मोजा. किती नोंदी गहाळ आहेत आणि त्या कुठल्या दिवसांच्या, कुठल्या लोकांच्या, हे लिहून काढा.

– प्रत्येक भरलेल्या आकड्यासाठी शेजारी एक वेगळा रकाना ठेवा: ‘मोजला’ की ‘भरला’. मूळ आकडा खोडला असेल तर तोही जपून ठेवा.

– झाकून परीक्षा घ्या, पण खरी गळती होते तशी. टोकाच्या नोंदींचा निकाल वेगळा काढा.

– ‘माझा अंदाज एक अंशाने चुकला असेल तर?’ असं धरून पुन्हा गणित करा. मग दोन अंशांनी. निष्कर्ष टिकला तर छातीठोक सांगा. उलटला तर रिपोर्टमध्ये तसं लिहा. गुण कमी होणार नाहीत, आणि झाले तरी तुमचं काम बरोबर असेल.

– जमलं तर प्रत्यक्ष जागेवर जा. ज्यांनी फॉर्म भरला नाही, अशा पाच-दहा जणांना शोधून विचारा. एखाद्या मॉडेलपेक्षा त्या पाच उत्तरांतून जास्त कळेल.

आणि पुढच्या मे महिन्यात कुणी तापमानाचा स्क्रीनशॉट पाठवला की फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारा. शेजारच्या केंद्राने काय सांगितलं? आणि हा आकडा मोजलाय की भरलाय? नागपूरचं ऊन ४५ अंशांतही माणसाला आडवं करतं, त्याला भीती वाटायला ५६ ची गरज नाही. खऱ्या ४५ ची नोंद मात्र प्रत्येक दिवशी, जशीच्या तशी व्हायला हवी.